शंभरपैकी शंभर

फोन वाजला तेव्हा मी एका माणसापुरता कांदा चिरत होतो. एका माणसाला अर्धा कांदा पुरतो, उरलेला अर्धा फ्रीजमध्ये जातो आणि मग दोन दिवस दूधही कांद्यासारखं लागतं, हे मला अरुंधती गेल्यावर कळलं. तिच्या हयातीत हे दूध-कांद्याचं प्रकरण कधी माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. तर फोन वाजला. संध्याकाळी माझा फोन वाजत नाही. दिवसा वाजतो, तो कर्ज हवंय का, प्लॉट बघायला येता का, असं विचारायला. दिवेलागणीला वाजला म्हणून मी दचकलो, ओल्या हातानंच उचलला, आणि पलीकडून एक बाई एकदम भांडणाच्या सुरात म्हणाली, "हालो, ती बोटींची वेबसाइट तुमचीच ना? अवो, यो फोन निस्ता नौका नौका म्हनतं. नौका, नौका, नौका, नौका. पन आमची कंची?"

मी म्हटलं, राँग नंबर. ती म्हणाली, "नाय, राँग कसा? तितंच बटन हाय खाली. मदतीसाठी संपर्क. त्या दाबला न तुमी लागलाव." आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उरणकडच्या एका मच्छीमार संस्थेची वेबसाइट आमच्या कंपनीनं केली होती. बोटींवर एक यंत्र बसवलेलं, ते खुणा पाठवतं, आणि घरच्यांना फोनवर समुद्राचा नकाशा दिसतो. नकाशावर प्रत्येक बोटीचा एक ठिपका, चित्रातच बोटीचं नाव. खूण नुकतीच आली असेल तर हिरवा, उशीर झाला तर पिवळा, आणि खूण थांबली की राखाडी. छान कल्पना, नाही असं नाही. पण ती वेबसाइट तयार होत असताना संपर्काच्या बटणामागे कुठला तरी नंबर हवा होता, आणि टेस्टर मी, म्हणून मी माझा स्वतःचा टाकला होता. तात्पुरता. नंतर तो बदलायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. बटणाला नाव आहे, बटण दाबलं तर फोन लागतो, एवढं आमचं टूल बघतं. फोन कुठे लागतो, आमच्या विचुंब्यातल्या कुठल्या स्वयंपाकघरात, ते त्याच्या बापाला ठाऊक नाही.

या टूलचं सांगतो, कारण माझी रोजीरोटी आता तेच खातंय. हा एक प्रोग्राम आहे. त्याला वेबसाइटचा पत्ता द्यायचा, तो आत जाऊन फिरून येतो आणि सांगतो की ज्यांना दिसत नाही, त्यांना ही वेबसाइट वापरता येईल की नाही. चित्र आहे? आहे. चित्रामागे फोननं वाचून दाखवायचा मजकूर आहे? आहे. पास. मजकूर काय आहे, हे तो वाचत नाही. नकाशावरच्या सगळ्या ठिपक्यांमागे आमच्या पोरांनी एका दमात 'नौका' असा शब्द भरला होता, कारण मजकूर नव्हता तेव्हा टूलच्या निकालाचा गोल लाल येत होता आणि भरल्यावर हिरवा झाला. शंभरपैकी शंभर. मी त्या दिवशी म्हटलंही होतं, अरे, एकदा ऐकून तर बघा. पण हिरव्या गोलाशी कोण भांडणार? सत्यजीत, आमचा मॅनेजर, माझ्या मुलीपेक्षा लहान, तो म्हणाला, "सर, टूलनं पास केलंय ना, मग तुम्ही कशाला लोड घेता?" पूर्वी मी हे काम हातानं करायचो. म्हणजे कानानं. मॉनिटर बंद करायचा, डोळे मिटायचे, आणि वेबसाइट नुसती ऐकत ऐकत एक तिकीट काढून दाखवायचं. दिवस दिवस जायचा. काम घरी आणलेलं असलं की अरुंधती खोलीत यायची, काळ्या पडद्यासमोर डोळे मिटून बसलेला नवरा बघायची आणि म्हणायची, "वा! ऑफिस आता झोपायचाही पगार द्यायला लागलं का?" आता ते काम टूल दोन मिनिटांत करतं. मी बटण दाबतो. खारघरच्या ऑफिसातही बोलवत नाहीत, घरून दाबा म्हणतात.

बाईंचं नाव सोनाबाई. साखरेनं डोळे गेलेले, चार वर्षं झाली. मुलगा प्रितेश बोटीवर, आठ-दहा दिवसांची फेरी करून येतो, दोन दिवस घरी, की पुन्हा समुद्रात. बोटीचं नाव सागरकन्या. सून कीर्ती बंदराकडच्या एका गोदामात कामाला, संध्याकाळची पाळी. म्हणजे दिवेलागणीपासून म्हातारी एकटी, हातात बोलणारा फोन, आणि फोन म्हणतोय नौका, नौका, नौका. मी म्हटलं, सुनेला विचारा की. त्यावर तिनं असा सुस्कारा सोडला की माझ्या कानात वारा शिरला. "तिला इचारला तर बघत पन नाय. हिरवी हाय, हिरवी हाय म्हनतं. परवाला मी मुद्दाम इचारला, गं, प्रितेश घरान निजलाय न बोट धक्क्याला हाय, मशीन बंद, तवा कशी हाय बोट? तर म्हनतं हिरवी हाय, आय." आणि ती हसली. मलाही हसू आलं. मग ती एकदम म्हणाली, "तुमी बघून सांगा. पन खरा सांगा हां, भाव." मी कांद्याचे हात पुसले, लॅपटॉप उघडला. सागरकन्या हिरवी होती. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "कुटं हाय?" मी नकाशा बघून म्हटलं, किनाऱ्यापासून बरीच आत, अलिबागच्या खाली, आणि तोंड दक्षिणेकडे. "एकटीच?" नाही, शेजारी अजून दोन आहेत, दोन्ही हिरव्या. "हां," ती म्हणाली, आणि त्या एका हांमध्ये किती काय उतरलं ते मला सांगता येणार नाही. "उद्याला पन सांगाल?" असं विचारून तिनं उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पिता पिता काम करून टाकलं. अवघड काही नव्हतंच. प्रत्येक ठिपक्यामागे नुसतं 'नौका' न राहता बोटीचं नाव, रंग, शेवटची खूण कधी आली, ती कुठल्या बाजूला आहे, शेजारी कोण आहे, हे सगळं आपोआप येईल आणि फोन ते वाचेल. माझा नंबर काढून संस्थेच्या ऑफिसचा टाकला. चष्मा काढला, डोळे मिटले, ऐकून बघितलं. झकास झालं होतं. फक्त चढवायचं बाकी होतं, वेबसाइटवर. एक बटण. बटणं दाबायचाच तर मला पगार मिळतो. पण मी ते दाबलं नाही. स्वतःला म्हटलं, अजून एकदा तपासू. मग म्हटलं, सत्यजीतला विचारायला हवं. मग म्हटलं, संस्थेची परवानगी. अशी कारणं मला भराभर सुचत गेली, एरवी भाजी काय करायची हे सुचत नाही त्या माणसाला. आणि संध्याकाळ झाली, फोन वाजला, आणि मी कबूल करायला हरकत नाही, मला बरं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. मी संध्याकाळच्या आत भांडी घासून ठेवायला लागलो. एक दिवस दाढीही केली, म्हणजे बघा, ज्या बाईला दिसत नाही आणि जी पार उरणला बसलीय तिच्या फोनसाठी! खिडकीतून समोरच्या अर्धवट इमारतीचे गज दिसतात, त्यांच्या मागे प्रबळगडाची कड, आणि हल्ली वरून विमानं उतरतात, एवढी खाली की पंख्याचा आवाज दबतो. विमान आलं की ती पलीकडून म्हणायची, "गेला काय? हां, आता बोला." मी आधी सागरकन्येचं सांगायचो, मग शेजारच्या बोटींचं, मग अख्ख्या नकाशाचं. कोण परत वळलं, कोण एकटंच लांब गेलंय, कोण कालपासून एकाच जागी आहे. मी शेरेही मारायला लागलो. ही धनलक्ष्मी बघा, सगळ्यांच्या पुढे, घाई काय आहे हिला? ती खदखदून हसायची. "त्या बोटीचा तांडेल तसाच हाय. लग्नान पन पयला जेवाला बसतं." आणि मी हसता हसता मध्येच गप्प झालो एकदा, कारण हा सूर माझा नव्हता. हा अरुंधतीचा सूर होता. मी दाढी करायचो तेव्हा ती न्हाणीघराच्या दारात उभी राहून पेपर वाचून दाखवायची. बातम्या कमी, स्वतःचे शेरे जास्त. हरवले-सापडलेपासून पाणी बंद असल्याच्या चौकटीपर्यंत. वाईट बातमी आली की पान उलटल्याचा आवाज यायचा आणि ती भलतंच काहीतरी वाचायला लागायची. मला कळायचं, पण मी कधी विचारलं नाही काय गाळलंस म्हणून. साबण तोंडाला लावलेला असतो, दिवस सुरू व्हायचा असतो, कोण विचारतो? शेवटच्या वर्षी ती स्वतःबद्दलही तसंच करत होती. मी सकाळी ऑफिसला निघताना बूट चढवत विचारायचो, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "हो." मी निघायचो. संध्याकाळी बूट काढताना पुन्हा, "बरी आहेस ना?" "हो." रोज दोनदा तपासणी, रोज पास. त्या 'हो'मागे काय मजकूर आहे, तो मी बघितलाच नाही. पोटात दुखतंय हे तिनं सांगितलं तोवर डॉक्टरांनी मान हलवायची वेळ आलेली होती.

आता माझी तपासणी होते. आभा, माझी मुलगी, बंगळूरला असते. आई गेल्यावर तिनं मला एक घड्याळ पाठवलं. ते मनगटावर असलं की माझे ठोके, माझी झोप, माझं चालणं सगळं तिच्या फोनवर जातं. आधी ती रोज फोन करायची, आणि मी काय बोलणार, जेवलो, झोपलो, ठीक आहे. घड्याळ आल्यापासून ते विचारायचं कामच राहिलं नाही. सकाळी तिचा मेसेज येतो, अंगठ्याचं चित्र. कधी चार शब्द, 'बाबा, सगळं नॉर्मल दिसतंय.' बरोबरच आहे तिचं. नोकरी आहे, ट्रॅफिक आहे, तिचा संसार आहे. आणि घड्याळ खोटं बोलत नाही, ठोके खरेच नॉर्मल आहेत. रात्री मी डाव्या कुशीवर वळून बाजूच्या उशीकडे बघत पडून राहतो, हलत नाही, तर घड्याळ त्याला शांत झोप म्हणतं. एकदा आभाचा मेसेज आला, 'वा बाबा, काय मस्त झोपलास!' मीही तिला अंगठा पाठवला. काय सांगायचं होतं? मी एकटा आहे, याला घड्याळात रकाना नाही. मलाही ते कुणाला सांगायचं तर लाज वाटते. खोकला आहे म्हणावं तसं ते म्हणता येत नाही.

सोनाबाईला मी हे बोललो नाही, पण तिनं एकदा विचारलं, "घरान कोन हाय तुमच्या?" मी म्हटलं, मी आहे. ती म्हणाली, "आनि?" मी म्हटलं, आणि फ्रीज आहे. ती हसली नाही. म्हणाली, "दर्यान जानाऱ्याच्या घरान पन असाच असतं. फकस्त त्याचा परत येयाचा दिस ठरलेला असतं." मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. पडद्याच्या एका कोपऱ्यात माझं तयार काम होतं, न चढवलेलं, आणि मला ते तिथे आहे हे सारखं टोचत होतं. हे चढवलं की या बाईला माझी गरज नाही. तिचा फोन तिला सगळं सांगेल, पहाटे सांगेल, दुपारी सांगेल, दर तासाला सांगेल, तिला माझ्या दिवेलागणीची वाट बघायला नको. म्हणजे मी तिच्या जिवाचा घोर दिवसभर लांबवतोय, कशासाठी, तर माझी संध्याकाळ जावी म्हणून. हे मला नीट समजत होतं. समजत असूनही मी बटण दाबत नव्हतो. बरं, वाईटही वाटत होतं. वाईट वाटून घेणं सोपं असतं, त्याला बटण दाबावं लागत नाही.

आणि मग तो बुधवार. दुपारपासून हवा पडलेली होती, थंडीचे दिवस असूनही दमट. फोन वाजायच्या आधीच मी नकाशा उघडून बसलो होतो. सागरकन्या राखाडी होती. मी पान पुन्हा उघडलं. राखाडी. शेवटची खूण सकाळची. शेजारी कोणी नाही, धनलक्ष्मी पार वर, परतीच्या वाटेवर. मी स्वतःला समजावलं, यंत्राची बॅटरी गेली असेल. तसं होतं, संस्थेचे लोकच म्हणाले होते, चार्जिंग करत नाहीत, वायर कुरतडली जाते. नव्व्याण्णव वेळा तसंच असतं. तेवढ्यात फोन वाजला. "हां भाव, बोला," ती म्हणाली, मागे कुकरची शिटी झाली, आणि मी म्हटलं, "हिरवी आहे."

कसं आलं तोंडातून, मला कळलं नाही. ठरवलेलं नव्हतं. पान उलटल्याचा आवाज मला स्वतःलाच ऐकू आला. मग मी घाईघाईनं इतर बोटींचं सांगायला लागलो, ही इकडे वळली, ती तिकडे गेली, एक विनोदही केला धनलक्ष्मीवर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमची कुटं हाय त्या नाय सांगितला आज." मी म्हटलं, कालच्याच जागी. "कालच्या जाग्याव? दिसभर?" पलीकडे कुकरची दुसरी शिटी झाली, तिनं उठून गॅस बंद केला असावा, कारण बांगड्या वाजल्या, काहीतरी खाली पडलं, आणि मग तिचा आवाज अगदी जवळ आला. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमी पन?" ती म्हणाली. "घरान एक हिरवी हिरवी करनारी हाय मना. दुसरी कशाला पायजेल?" आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत बसून राहिलो. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. किती वेळ बसलो ते त्या घड्याळाला विचारा, त्याच्यात नोंद असेल, 'विश्रांती' म्हणून. मला अरुंधतीचा राग आला, खरं सांगतो, तीन वर्षांत पहिल्यांदा आला. काय म्हणून हो म्हणायचीस? कोणी सांगितलं होतं मला जपायला? मी काय काचेचा होतो? आणि मग तिच्या जागी मी, सोनाबाईच्या जागी मी, असं सगळं उलटसुलट फिरलं आणि मला कळेना की मी कुणावर ओरडतोय. बुटांची नाडी बांधत कुणी विचारलं, तर माणूस हो नाही तर काय म्हणणार? समोरच्याला उशीर होत असतो. दार उघडं असतं. ऐकायला कोणी बसलेलं नसतं, नुसतं तपासायला वाकलेलं असतं. मी खाली बसून एकदा विचारायला हवं होतं.

मी उठलो आणि ते बटण दाबलं. काम चढलं. माझा नंबर वेबसाइटवरून गेला. मग मी सोनाबाईला फोन लावला. मी पहिल्यांदाच लावत होतो, एरवी तीच लावायची. तिनं उचलला. मी म्हटलं, "सोनाबाई, राखाडी आहे. सकाळपासून खूण नाही. शेजारी कोणी नाही. मी मघाशी खोटं बोललो." श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "बॅटरी गेलेली असू शकते. बहुतेक वेळा तेच असतं. पण मला माहीत नाही. आता तुमचा फोन तुम्हाला खरं सांगेल, मी तसं करून ठेवलंय. बघा." ती म्हणाली, "धरा." तिनं मला स्पीकरवर ठेवलं असावं, कारण आवाज लांब गेला आणि मग त्या रिकाम्या घरातून, उरणहून, फोनचा कोरडा, ठसक्यात बोलणारा आवाज आला. सागरकन्या. राखाडी. शेवटची खूण आज सकाळी. नैर्ऋत्येला. जवळ दुसरी नौका नाही. शब्द माझेच होते. तिनं पडद्यावर पुन्हा बोट फिरवलं, तो पुन्हा बोलला. पुन्हा. चौथ्यांदा ती त्याच्यावरच ओरडली, "कललं रे बाबा!" आणि रडायला लागली. मी फोन ठेवला नाही. ती रडता रडता मध्येच नाक ओढून म्हणायची, "हाव ना तुमी?" मी म्हणायचो, आहे. संस्थेच्या ऑफिसात मी दुसऱ्या फोनवरून कळवलं, ते म्हणाले, बिनतारीवर विचारतो, धनलक्ष्मीला मागे फिरून बघायला सांगतो. तेही तिला जसंच्या तसं सांगितलं. कीर्ती पाळीवरून घरी आली तेव्हा दाराचा आवाज झाला, आणि सोनाबाई तिला म्हणाली, "ये, बस जवल. आज हिरवी म्हनू नको." मग कोणीतरी फोन बंद केला.

सकाळी मी डोळे उघडायच्या आधी लॅपटॉप उघडला. हिरवी. धनलक्ष्मीच्या शेजारी, दोघी किनाऱ्याकडे तोंड करून. मला इतका आनंद झाला की मी त्या फ्रीजलाच चापट मारली. फोन लावावा असं फार वाटलं. पण तिला कळलेलं असणार. माझ्या आधी कळलेलं असणार, तेच तर मी करून ठेवलं होतं. दुपारी फोन वाजला, धावत गेलो, तर सत्यजीत. "सर, त्या बोटींच्या साइटचा स्कोअर शंभरवरून घसरला! टूल म्हणतंय चित्रांचा मजकूर फार लांब आहे." मी म्हटलं, लांबच आहे, बोट लांब गेलीय. "सर, क्लायंट आकडा बघतो." मी म्हटलं, "सत्यजीत, तू एकदा डोळे मीट आणि ऐक. एकदाच. नंतर तुला वाटलं तर तू स्वतःच्या हातानं काढ." तो चुळबुळला. म्हणाला, बघू. त्यानं ऐकलं की नाही मला माहीत नाही, पण ते अजून तसंच आहे. मला वाटतं कुणी बघितलंच नसेल.

त्या संध्याकाळी मी भांडी घासून ठेवली होती. फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही नाही. का वाजावा? तिचा पोरगा घरी आला असेल, हात धुऊन जेवायला बसला असेल, तिचा नंबर माझ्याकडे होता, माझा तिच्याकडे होता, पण विचारायचं आता काही उरलं नव्हतं. समोरच्या इमारतीवर दिवा लागला, विमान गेलं, पंख्याचा आवाज परत आला. मला फार एकटं वाटलं. हे मी असं सरळ वाक्यात स्वतःशीदेखील कधी म्हटलं नव्हतं. मनगटाकडे बघितलं तर ठोके नॉर्मल.

फोन मीच उचलला आणि आभाला लावला. असा मी लावत नाही, तिला काम असतं. दोन रिंगमध्ये तिनं घेतला, मागे माणसांचे आवाज, कपबश्या, कुणीतरी हसत होतं. "बाबा? काय रे, अचानक? आत्ताच बघितलं मी, घड्याळात तर सगळं ठीक दिसतंय. बरा आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एक दार उघडलं, मिटलं, आणि माणसांचे आवाज बंद झाले.

"थांब," आभा म्हणाली, "मी इथे पायरीवर बसते. हां. आता सांग, बाबा."

मी कांद्यापासून सुरुवात केली.